बळ मिळत नाही, म्हणजे विश्वास कमी आहे का?

पत्र :

सलाम. मी ४८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. घरात सासूबाई आहेत, त्यांचंही वय झालं. मुलगा पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. मी पहाटे चारला उठून यांचं सगळं आवरते, स्वयंपाक करते, शाळेत जाते. त्या वेळात शेजारच्या मावशी बसतात. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

सुरुवातीला मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायका म्हणाल्या, आम्ही पाळीपाळीनं येतो. नणंद म्हणाली, महिनाभर येऊन राहते. मी सगळ्यांना सांगितलं, ‘देव मला बळ देतोय.’ बायबलमधलं फिलिप्पैकरांस ४:१३ हे वचन मी भिंतीवर लावलंय. आता ते नजरेस पडलं की रडू येतं. परवा यांच्या हातून पेज सांडली आणि मी त्यांच्यावर ओरडले. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. प्रार्थनासभेत हे सांगितलं तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, ‘बळ येत नाही म्हणजे विश्वासात कुठंतरी कमी आहे. शोध.’ मी शोधतेय. माझी शक्ती संपली आहे. देवाची कुठं आहे?

– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर :

प्रिय ताई, सलाम.

ते शोधणं आजपासून थांबवा. दीड वर्षं रोज रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या माणसाला थकवा येतो, कारण त्याला शरीर आहे. त्यात विश्वासाची परीक्षा घेण्यासारखं काही नाही. आपला प्रभू येशू प्रवासानं दमून शमरोनातल्या विहिरीपाशी बसला, वादळात नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं टेकून गाढ झोपला. पित्यावर त्याचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणेल का?

आता त्या भिंतीवरच्या वचनाकडे येते. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे.’ आपल्या घराघरांत हे वचन कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, गाडीच्या काचेवर असतं, आणि जवळजवळ नेहमीच ते एकटं असतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वचन कुणी लावत नाही. आधी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, संपन्न असणं आणि विपन्न असणं, या सगळ्यात कसं राहायचं ते मी शिकलो आहे. म्हणजे ‘सर्वकाही’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कामांची यादी नव्हती. कुठल्याही परिस्थितीत ख्रिस्ताला धरून राहणं त्याच्या मनात होतं. लगेच पुढच्या, चौदाव्या वचनात तो फिलिप्पैच्या मंडळीला म्हणतो की तरीही तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत.

ताई, हे ‘तरीही’ फार महत्त्वाचं आहे. हे पत्र पौलानं बंदिवासातून लिहिलं आहे. त्या काळी कैद्याचं अन्नवस्त्र बहुतेक बाहेरच्या माणसांच्या आधारावर चालायचं. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती देणगी पाठवली आणि त्यालाही पौलाच्या सेवेला ठेवलं. तो तिथे इतका आजारी पडला की मरायला टेकला. पौल हे सगळं त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात लिहितो आणि कबूल करतो की तो मेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. ज्या माणसानं ‘मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’ असं लिहिलं, त्यानं मंडळीचे पैसे घेतले, एका भावाची सेवा घेतली, त्या भावासाठी काळजी केली, आणि यातलं काहीच लपवलं नाही. त्याला यात विसंगती वाटली नाही. देवाचं बळ त्याच्यापर्यंत एपफ्रदीताच्या हातानं पोचत होतं.

आणखी एक जागा दाखवते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल लिहितो की मासेदोनियात आलो तेव्हा शरीराला चैन नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. मग दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवानं आमचं सांत्वन केलं. ते त्यानं कसं केलं? दर्शनानं नाही, आकाशवाणीनंही नाही. पौलाचा सहकारी तीत आला, त्याच्या येण्यानं.

तुमच्याकडे तीत दारापर्यंत आला होता, तुम्ही त्याला परत पाठवलंत. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही असं का केलंत ते मला नीट समजतं. आपल्याकडे एकटीनं निभावणाऱ्या बाईचं फार कौतुक होतं. ‘बिचारीनं कुणापुढे हात पसरला नाही’ ही आपल्या समाजातली मोठी शाबासकी आहे. मंडळीत त्या शाबासकीला वचनाची जोड मिळते आणि तिला ‘साक्ष’ म्हणतात. नणंदेला ये म्हटलं तर आपली साक्ष गेली, असं तुम्हाला वाटलं असणार. पण कुणाचीही गरज नसलेल्या माणसाची साक्ष पवित्र शास्त्रात मला कुठेच सापडत नाही. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना, इस्राएलाचा पुढारी मोशे हात वर धरून उभा होता, ते हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहिले. पुढच्याच अध्यायात तोच मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करत बसतो. सासरा इथ्रो येऊन त्याला स्पष्ट सांगतो की तू करतोस हे ठीक नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही. मोशेनं त्याचं ऐकलं. आणि कालवरीच्या वाटेवर? वधस्तंभ वाहण्यासाठी कुरेनेकर शिमोनाला धरून आणलं गेलं. आपल्या तारणाऱ्याच्या खांद्यावरचं लाकूडसुद्धा काही अंतर दुसऱ्या माणसानं वाहिलं, हे शुभवर्तमानांनी लिहून ठेवलं आहे.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंबद्दल आपण उपदेशांत ऐकत आलो, की पैसा नसताना त्यांनी गुडघे टेकले आणि देवानं पुरवलं. ते खरंच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, आणि १९०० च्या सुमारास केडगावात जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या. पण हे सांगताना आपण त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवारांचं नाव गाळतो. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंचं गाळतो. मनोरमा, रमाबाईंची मुलगी, किती वर्षं आईचा उजवा हात होती तेही सांगत नाही. उतारवयात रमाबाईंना ऐकू फार कमी येत होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. देवावर भरवसा म्हणजे काय ते या बाईला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि तिच्याभोवती कायम माणसं होती.

तुम्ही विचाराल, मग देवाचं बळ म्हणजे फक्त माणसांची मदत का? तसं असतं तर मी तुम्हाला आया ब्युरोचा नंबर दिला असता आणि पत्र इथंच संपवलं असतं.

तसं नाही. पहाटे तीनला चादर बदलताना तिथं नणंद नसते, मंडळी नसते. त्या वेळी तुम्हाला उठवतं कोण? दीड वर्ष तुम्ही या माणसाला पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं. मी मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी केली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पगार मिळत असताना, आठ तासांनी ड्युटी बदलत असतानाही माणसं त्यात कोरडी होतात. तुम्ही कोरड्या झाला नाहीत. एकदा ओरडलात आणि त्याचं दुःख तुम्हाला इतकं झालं की ते परक्या बाईला पत्रातून कळवलंत. ज्याचं प्रेम संपलं त्याला असं दुःख होत नाही. ‘देवाची शक्ती कुठं आहे’ या तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे आहे. ती तिथं आहे, आणि रोज होती. ती अंगात भरून आल्यासारखी जाणवेल अशी वाट तुम्ही पाहत होतात, म्हणून ती ओळखू आली नाही.

पौलाच्या शरीरातला काटाही, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रासही, निघाला नाही. त्यानं तीनदा विनंती केली, आणि उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ पुरे म्हणजे शिल्लक पडेल इतकी, असं प्रभू म्हणाला नाही. रानात देवानं इस्राएलाला खायला पुरवलेला मान्नाही तसाच होता. दिवसाचा दिवसाला गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा. म्हणून ‘हे अजून किती वर्षं?’ या प्रश्नाला पुरेल एवढं बळ तुम्हाला आज मिळणार नाही, आणि ते न मिळणं म्हणजे देवानं पाठ फिरवणं नव्हे. आजच्या रात्रीपुरतं मागा. विलापगीतात लिहिलं आहे की त्याची दया रोज सकाळी नवी होते. ज्यानं ते लिहिलं तो जळालेल्या यरुशलेमेसाठी रडत होता.

झोपेचं काय करायचं ते आता बोलू, कारण मला तुमची सगळ्यात जास्त काळजी तिथं वाटते. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर जिंकला आणि लगेच पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूतानं त्याला स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. तुम्ही प्रार्थनेला बसलात आणि डोळा लागला तर झोपा. देव आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो, असं १२७ व्या स्तोत्रात आहे.

मंडळीतल्या त्या बायकांना फोन करा, पण ‘कधीतरी या’ म्हणू नका. तसं म्हटलं की कुणीच येत नाही. नेमकं मागा : मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहा ते पहाटे पाच तू माझ्या घरी राहशील का? त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून, सलग झोपायचं. आंघोळ घालायला, उचलून खुर्चीत बसवायला पाळकसाहेबांकडे तरुण संघातले दोन मुलगे मागा. मिस्टरांनाही बायकांच्या हातून होण्यापेक्षा ते बरं वाटेल. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की कुणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं. म्हणजे बोलावणं आपण करायचं असतं. वडील आपणहून का आले नाहीत म्हणून रुसून बसायची सोय त्यात नाही. आणि नणंदबाई महिनाभर येते म्हणाल्या, तो त्यांचाही भाऊ आहे. त्याचं करायचा त्यांना हक्क आहे. ‘एकमेकांची ओझी वाहा’ ही आज्ञा पाळायला त्यांना तुमचं ओझं लागणारच.

दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं असेल आणि त्यासाठी तुम्ही रात्री उठत असाल, तर एअर मॅट्रेसबद्दल डॉक्टरांना विचारा. ती भाड्यानंही मिळते. कूस बदलणं तिनं थांबत नाही, पण रात्रीचं अंतर वाढवता येईल का हे डॉक्टर यांची त्वचा पाहून सांगू शकतात. लघवीसाठी उठावं लागत असेल तर त्याचाही उपाय विचारा. यात लाजू नका.

पेज सांडली त्याबद्दल. झटक्यानंतर पुष्कळांना गिळायला त्रास होतो, ओठांची एक बाजू नीट मिटत नाही. पातळ पदार्थ त्यांना सगळ्यात अवघड जातात. ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओला होत असेल, तर लवकर डॉक्टरांना सांगा, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. भरवताना ताठ बसवा, घास लहान द्या. ओरडलात त्याची क्षमा देवाकडे मागितलीत, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. ती यांच्याकडेही मागा. समोर बसून, नाव घेऊन, साध्या शब्दांत. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. अशा माणसांना पुष्कळदा बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. ते तुमची क्षमायाचना समजतील असं धरून चाला.

आणखी एक करून पाहा. बोलणं गेलेली काही माणसं लहानपणापासून पाठ असलेलं गीत गाऊ शकतात, कारण गाण्यात मेंदूच्या दुसऱ्या बाजूचाही भाग असतो. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, पण होतं, आणि स्पीच थेरपिस्ट त्याचा उपयोगही करून घेतात. पहाटेची एकटीची प्रार्थना तुम्हाला जमत नसेल तर ती सोडा. संध्याकाळी यांच्या शेजारी बसून, त्यांनी शब्बाथशाळेत (मंडळीच्या रविवारच्या शाळेत) शिकलेलं एखादं गीत हळूहळू म्हणा आणि त्यांच्या ओठांकडे बघा. शब्द आले नाहीत तरी तेवढी तुमची दोघांची कौटुंबिक प्रार्थना झाली. बाकी वेळी ‘प्रभू, मला धर’ एवढं पुरे. कशासाठी आणि कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. रोमकरांसच्या आठव्या अध्यायातलं हे वचन मी अशाच घरांसाठी राखून ठेवते.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. झोप मिळूनही दोन आठवडे मन वर येत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा ‘मेलेलं बरं’ असा विचार येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. उदासीच्या आजारावर गोळी घेणं आणि देवावर विसंबणं यांत भांडण नाही. मिस्टरांच्या रक्तदाबाची गोळी देताना तुम्ही प्रार्थना करताच ना?

त्या वडीलधाऱ्या बाईंबद्दल मनात काही ठेवू नका. दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडल्यावर बिघडलं, आणि शेवटी देवानंच त्यांना सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. या बाईंनाही एका रात्रीची पाळी द्या, हे मी मनापासून म्हणते आहे. तुमच्या घरी एक रात्र काढल्यावर त्या पुढच्या प्रार्थनासभेत वेगळं बोलतील.

पत्राच्या खाली, बहुधा घाईत, तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे : ‘दरवर्षी शब्बाथशाळेचं नाताळचं नाटक मीच बसवते. यंदा नाही म्हटलं तर देवाच्या सेवेला नाही म्हटल्यासारखं होईल का?’ नाही होणार. यंदा नाही म्हणा, आणि ते ऑक्टोबरातच सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तयारीला वेळ मिळेल. जुन्या संहिता, कपड्यांची पेटी, मेंढपाळांच्या काठ्या, जे घरी असेल ते त्यांच्या स्वाधीन करा. नाटकाच्या संध्याकाळी नणंदबाईंना घरी बसवून तुम्ही जा आणि मागच्या बाकावर बसून बघा. मध्येच उठून कुणाचा मुकुट सरळ करायचा नाही.